बाहेर जाणाऱ्या जोडणीचा अभ्यास : प्रस्तावना

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो आणि त्याच्या जोडीला आता गोदामे. मुंबईत माल शिरताना जकात भरावी लागे, म्हणून महापालिकेच्या हद्दीबाहेर पण शहराच्या हाताशी असलेल्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली या गावांत गाळे उभे राहिले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात गेली. गोदामे मात्र राहिली, उलट पडघ्याच्या बाजूला आणखी मोठी झाली. एवढा इतिहास या भागातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्या गाळ्यांत आता संगणक आला आहे, याकडे फारसे कोणी थांबून पाहिलेले नाही. त्यावर हिशेब आहे, साठ्याची नोंद आहे, ई-वे बिल त्यातूनच निघते, आणि तो चालवणारी निम्मी माणसे गाळ्यात बसतच नाहीत. शेठ मुलुंडला, सीए मस्जिद बंदरला, सॉफ्टवेअर पुरवणारा पुण्याला, आणि आयात केलेल्या मागाचा इंजिनिअर कधी कधी परदेशात.

या सगळ्यांना गाळ्यातल्या संगणकापर्यंत आणणाऱ्या वाटेविषयीचे हे लेखन आहे. कंपनीच्या फायरवॉलमधून बाहेर जाणारी रिमोट जोडणी असे त्या वाटेचे कोरडे नाव. विषय तांत्रिक आहे, पण तो तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्याजोगा नाही. या वाटेचा निर्णय बहुतेक ठिकाणी तंत्रज्ञ घेत नाही. महिनाअखेरीस घाईत असलेला अकाउंटंट घेतो, आणि तो निर्णय आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. संगणकशास्त्राची पदवी नसलेल्या वाचकांनी म्हणूनच हा विषय आपला मानावा, अशी या लेखनामागची इच्छा आहे.

भिवंडीकर वाचकांना तो आपला वाटायला फार वेळ लागू नये, कारण त्याचे मर्म त्यांना मालाच्या बाबतीत आधीच कळलेले आहे. गोदामात रिकामी गाडी येते तेव्हा रखवालदार तिचा नंबर लिहून घेतो आणि आत सोडतो. तीच गाडी भरून निघते तेव्हा गेटपास, चलन, ई-वे बिल, नगांची मोजणी असे सगळे सोपस्कार होतात. माल कुठे चालला आणि कोणाच्या सहीने चालला हे कळल्याशिवाय गेट उघडत नाही. त्याच गोदामातल्या नेटवर्कचा कारभार नेमका उलटा असतो. आत येणाऱ्याला अडवायचे, बाहेर जाणाऱ्याला काही विचारायचे नाही. राउटर विकत घेतला त्या दिवशी त्यात हाच नियम लिहून आलेला असतो, आणि पुढे तो बदलायला कोणी जात नाही.

हा नियम कुठून आला ते समजून घेतले पाहिजे, कारण तो मूर्खपणाचा नव्हता. १९८८च्या नोव्हेंबरात मॉरिस वर्म नावाच्या प्रोग्रामने तेव्हाच्या चिमुकल्या इंटरनेटवरचे हजारो संगणक ठप्प केले. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत संस्थांच्या नेटवर्कच्या कडेला पहारा बसवण्याचे तंत्र, म्हणजेच फायरवॉल, आकाराला आले. १९९४ साली विल्यम चेसविक आणि स्टीव्हन बेलोविन यांचे फायरवॉलवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि या विषयाला शास्त्राची बैठक मिळाली. त्या काळातला शत्रू बाहेर उभा होता, आतली माणसे ओळखीची आणि मोजकी होती. त्यामुळे आतून निघालेल्या हाकेवर विश्वास ठेवणे रास्तच होते.

आजची फायरवॉल साधारण अशी चालते. येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक ती पाहते, आणि संभाषण कोणी सुरू केले हे लक्षात ठेवते. आतल्या संगणकाने बाहेर हाक मारली की एका तक्त्यात तशी नोंद होते. मग बाहेरून येणारे उत्तर त्या नोंदीशी जुळले की ते आत सोडले जाते. वेबसाइट उघडणे, ईमेल उतरवणे, बँकेचे पोर्टल वापरणे हे सगळे याच रीतीने होते, आणि ते व्हायलाच हवे. ग्यानबाची मेख पुढे आहे. संभाषण कोणी सुरू केले हा एक प्रश्न आणि ते कोण चालवते आहे हा दुसरा. फायरवॉल पहिल्याचे उत्तर चोख देते. दुसरा प्रश्न तिला कोणी विचारलेलाच नसतो.

रिमोट जोडणीत ही दोन उत्तरे वेगळी निघतात. गाळ्यातल्या संगणकावर ॲनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे, दुरून संगणक चालवू देणारे सॉफ्टवेअर सुरू केले की तो संगणक स्वतः बाहेरच्या एका मध्यस्थ सर्व्हरला हाक मारतो आणि जोडणी उघडी ठेवून थांबतो. मुलुंडला बसलेला माणूसही त्याच मध्यस्थाला हाक मारतो. मध्यस्थ दोन्ही टोके जुळवून देतो. फायरवॉलच्या वहीत एवढेच दिसते की आतला संगणक बाहेर गेला. प्रत्यक्षात माऊस बाहेरच्याच्या हातात असतो, कीबोर्ड त्याचा असतो, आणि फाइली कुठल्या दिशेने सरकणार हेही तोच ठरवतो. तांत्रिक भाषेत जी जोडणी बाहेर जाणारी, व्यवहारात तिच्यातून आत येणारा हात असतो. या अभ्यासशाखेचा सगळा डोलारा या एका विसंगतीवर उभा आहे, असे म्हटले तरी चालेल.

ही रचना मुद्दाम अशी केलेली आहे, आणि त्याची कारणे आपल्याकडे तर फारच ठोस आहेत. इंटरनेटचे पत्ते अपुरे पडणार हे नव्वदच्या दशकाच्या आरंभीच दिसू लागले होते. १९९४ साली एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक संगणक लपवण्याची युक्ती प्रसिद्ध झाली. तेव्हापासून कार्यालयातल्या संगणकांना बाहेरून थेट गाठणे अवघड होत गेले. भारतातल्या अनेक ब्रॉडबँड आणि मोबाइल कंपन्यांनी त्यावर आणखी एक पदर चढवला : आता शेकडो ग्राहक मिळून एक पत्ता वापरतात. ज्याला स्वतंत्र स्थिर पत्ता हवा त्याने जादा पैसे मोजायचे. छोट्या गाळ्याला ते परवडत नाही किंवा सुचत नाही. मग बाहेरून आत येण्याची वाटच उरत नाही, आतून बाहेर जाऊन मध्यस्थाला गाठणे हाच मार्ग राहतो. मार्च २०२०च्या टाळेबंदीत रातोरात घरून काम सुरू झाले तेव्हा याच साधनांनी असंख्य पेढ्या तरल्या. त्यांच्याविषयी लिहिताना ही कृतज्ञता विसरून चालणार नाही. त्यांना सरसकट खलनायक ठरवणारे लेखन मला उथळ वाटते.

आता पोर्टांविषयी, म्हणजे संगणकावरच्या एकेका सेवेला दिलेल्या क्रमांकांविषयी, थोडे, कारण नवख्या वाचकाला इथेच सर्वांत मोठा गैरसमज होतो. एखादे पोर्ट बंद केले की ती सेवा बंद झाली, असे पुष्कळांना वाटते. विंडोजचे रिमोट डेस्कटॉप ३३८९ क्रमांकाचे पोर्ट वापरते, एसएसएच २२ क्रमांकाचे. हे क्रमांक बाहेर जाण्यासाठी बंद करणे योग्यच, पण तेवढ्याने काम होत नाही. टीमव्ह्यूअर आधी ५९३८ क्रमांकाने बाहेर पडू पाहते, ते जमले नाही तर ४४३ने, तेही नाही तर ८०ने. ॲनीडेस्कही ८० आणि ४४३ चालवून घेते. ४४३ म्हणजे बँकेचे, जीएसटीचे, ईमेलचे, सगळ्या सुरक्षित वेबसाइटींचे पोर्ट. ते बंद करणे म्हणजे दुकान बंद करणे. शिवाय त्यातून जाणारा मजकूर कूटबद्ध असतो, म्हणून आत काय चालले आहे ते साध्या फायरवॉलला वाचता येत नाही.

एसएसएचचे उदाहरण याहून शिकवण्याजोगे आहे. १९९५ साली फिनलंडमधल्या तातू इलोनेन यांनी ते लिहिले. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले होते आणि तशी चोरी पुन्हा होऊ नये हा त्यामागचा हेतू होता. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे काम करू देणारे, सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या रोजच्या वापरातले हे साधन उत्तमच आहे. पण त्यात उलटा बोगदा उघडण्याची सोय आहे. आतल्या माणसाने एका ओळीची आज्ञा देऊन बाहेरच्या स्वतःच्या संगणकाशी जोडणी केली, की त्या जोडणीतूनच बाहेरच्याला आतल्या सर्व्हरपर्यंत येता येते. आज्ञा देणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो, त्याला घरी बसून उरलेले काम संपवायचे असते. पण त्या क्षणापासून त्याच्या घरचा संगणक कंपनीच्या नेटवर्कचा भाग होतो. मुलाने त्यावर उतरवलेला खेळ, जुना झालेला अँटिव्हायरस, शेजाऱ्याला दिलेला वायफायचा पासवर्ड हे सगळेच कंपनीच्या जोखमीत येते, आणि कंपनीत कोणाला त्याचा पत्ता नसतो.

इथवर वाचून वाचकांना प्रश्न पडेल की हे सगळे तर्क झाले, घडले काय? त्यासाठी फार लांब जायला नको. भिवंडीच्या गोदामांत येणारा बराचसा आयात माल न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून येतो. २७ जून २०१७ रोजी त्या बंदरातले एक टर्मिनल, गेटवे टर्मिनल्स इंडिया, संगणक बंद पडल्यामुळे ठप्प झाले. कारण नॉटपेट्या. या मालवेअरचा उगम युक्रेनमध्ये होता आणि त्याने निवडलेली वाट या लेखनाच्या विषयाला अगदी चिकटून आहे.

एमईडॉक हे युक्रेनमधल्या व्यापाऱ्यांचे कर-हिशेबाचे सॉफ्टवेअर. आपल्याकडच्या गाळ्यात जे स्थान टॅलीचे, ते तिकडे त्याचे. हे सॉफ्टवेअर ठरावीक वेळाने आपल्या कंपनीच्या सर्व्हरला हाक मारून नवी आवृत्ती आली का ते विचारत असे. हल्लेखोरांनी त्या सर्व्हरचाच ताबा मिळवला आणि अद्ययावत आवृत्तीत चोरदार घातले. त्यानंतर एमईडॉक वापरणारी पेढी नेहमीची हाक मारायची आणि उत्तरात हल्लेखोरांची आज्ञा यायची. बाहेर जाताना ते सॉफ्टवेअर पेढीचा नोंदणी क्रमांकही सोबत पाठवत असे. आपण कोणाच्या संगणकात बसलो आहोत ते हल्लेखोरांना त्यामुळे आयतेच कळे. कुठल्याही फायरवॉलने यात हरकत घेण्याचे कारण नव्हते. आतून निघालेली हाक, ओळखीचा पत्ता, रोजचीच वेळ.

मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या ओडेसा इथल्या कार्यालयात हे सॉफ्टवेअर एका संगणकावर होते. आत शिरल्यावर नॉटपेट्याला पुढे पसरायला माणसाची गरज नव्हती, विंडोजमधली एक उणीव आणि स्मृतीत सापडलेले पासवर्ड त्याला पुरले. मर्स्कच्या जगभरच्या बंदरांवर त्याचा परिणाम झाला. न्हावा शेव्याचे ते टर्मिनल चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही मर्स्कच्याच समूहातली कंपनी. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी दावोसमध्ये सांगितले की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. कंपनीच्या जगभरच्या वापरकर्त्यांच्या खात्यांची नोंद ठेवणारे सर्व्हर एकाच वेळी पुसले गेले होते. घानामधला तेवढा एक वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. भारनियमनाला शिव्या देत वाढलेल्या आपल्या पिढीला यात थोडे समाधान वाटले तर हरकत नाही.

एमईडॉक हे रिमोटचे साधन नव्हते, हा आक्षेप बरोबर आहे. पण वाट तीच होती. आतल्या प्रोग्रामला बाहेर जाण्याची कायमची मोकळीक होती आणि पलीकडच्या टोकाला कोण बसले आहे याची तपासणी नव्हती. रिमोट साधनात ही मोकळीक अधिक उघड, अधिक सामर्थ्यवान असते, एवढाच फरक.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले, कारण त्यातून एका प्रश्नाचे अधिकृत उत्तर मिळते. डिसेंबर २०२०मध्ये सोलरविंड्स या कंपनीने बनवलेल्या, नेटवर्कवर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून अनेक सरकारी खात्यांत हेर शिरल्याचे उघड झाले. तिथेही आत बसलेला प्रोग्राम बाहेरच्या एका पत्त्याला हाक मारून आज्ञा घेत होता. त्या सर्व्हरांना इंटरनेटवर जाऊच दिले नसते तर? सिनेटर रॉन वायडन यांनी हे विचारले तेव्हा अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२१मध्ये मान्य केले की बाहेर जाणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या फायरवॉलमागे ते मालवेअर निष्प्रभ ठरले असते. त्याच उत्तरात असेही होते की प्रत्येक खात्याला असे सरसकट अडवणे शक्य नाही. ही दोन्ही विधाने वाचकांनी एकत्र लक्षात ठेवावीत. पहिले या अभ्यासाचे मोल सांगते, दुसरे त्याची मर्यादा.

महाराष्ट्राच्या वाचकाला कॉसमॉस बँकेचे नाव इथे आठवेल. ११ ऑगस्ट २०१८ला शनिवार होता. त्या दिवशी आणि १३ तारखेला मिळून पुण्याच्या या जुन्या सहकारी बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले जात होते. मंजुरीची विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचतच नव्हती, हल्लेखोरांनी मध्ये उभी केलेली बनावट यंत्रणा परस्पर होकार देत होती. तो होकार बँकेच्या नावाने बाहेर जात होता आणि बाहेरचे जग त्यावर विश्वास ठेवत होते. आपल्या नावाने बाहेर काय जाते यावर नजर हवी, हा धडा पुण्याने महाग किमतीला घेतला. त्याचा फायदा भिवंडीने फुकटात घ्यायला हरकत नाही.

यापुढे वाचकांना एक चमत्कारिक गोष्ट दिसेल. जी साधने आपण विश्वासाने बसवतो तीच हल्लेखोरालाही आवडतात. स्वतः मालवेअर लिहिले तर अँटिव्हायरस ते पकडेल. ॲनीडेस्क कशाला पकडेल? फेब्रुवारी २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना नेमके याच साधनाविषयी सावध केले होते. फोनवरचा गोड बोलणारा माणूस ॲप उतरवायला लावतो, त्यावर दिसणारा नऊ आकडी क्रमांक विचारतो, परवानग्या द्यायला लावतो, आणि पुढचे यूपीआयचे काम तोच करतो. जानेवारी २०२३मध्ये अमेरिकी संस्थांनी आणखी एका प्रकाराकडे लक्ष वेधले. ही साधने इन्स्टॉल न करता नुसती फाइल उघडून चालवता येतात, म्हणून 'नवे सॉफ्टवेअर बसवायला मनाई' हा नियम त्यांना लागूच पडत नाही. मध्यस्थ कंपन्यासुद्धा अभेद्य नाहीत. फेब्रुवारी २०२४मध्ये ॲनीडेस्कने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले आणि प्रमाणपत्रे बदलली. त्याच वर्षी जूनमध्ये टीमव्ह्यूअरनेही आपल्या कार्यालयीन नेटवर्कमधल्या घुसखोरीची माहिती दिली, मात्र ग्राहकांच्या जोडण्यांपर्यंत ती पोचली नसल्याचे सांगितले. दोन्ही कंपन्यांनी हे उघडपणे सांगितले, ही चांगली गोष्ट.

मग सगळे बंदच करावे का? या प्रश्नावर या क्षेत्रात दोन तट आहेत आणि माझा कल कुठे आहे तो लपवण्यात अर्थ नाही. सरसकट बंदी कागदावर शोभते. प्रत्यक्षात ज्या दिवशी कार्यालयाच्या वायफायवरून ॲनीडेस्क चालेनासे होते त्या दिवशी अकाउंटंट खिशातला मोबाइल काढतो, हॉटस्पॉट सुरू करतो आणि गाळ्यातला संगणक त्याला जोडतो. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची शेवटची तारीख कोणासाठी थांबत नाही. आता जोडणी फायरवॉलमधून जातच नाही, तिची नोंदही कुठे उरत नाही. बंदीने धोका टळला नाही, नजरेआड झाला. म्हणून काम करणाऱ्याची गरज आधी मान्य करावी आणि तिला एक ठरलेली, नोंद होणारी, बंद करता येणारी वाट द्यावी, या मताचा मी आहे.

तुम्ही या विषयात पहिल्यांदाच पाऊल टाकत असाल तर सुरुवात साधनांपासून करू नका. महाग फायरवॉल विकणारा सर्वांत आधी तुमच्या दारात येईल, त्याला चहा पाजा आणि थोडे थांबायला सांगा. आधी आपल्याच राउटरची किंवा फायरवॉलची नोंदवही उघडा. एखाद्या साध्या कामाच्या दिवशी आतला कुठला संगणक, किती वाजता, बाहेर कुठल्या पत्त्यावर गेला, एवढेच पाहा. बहुतेकांना पहिला धक्का संगणकांचा बसत नाही, कॅमेऱ्यांचा बसतो. गेटवरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर, ते चित्रण मोबाइलवर दिसावे म्हणून, चोवीस तास बाहेरच्या कुठल्या तरी सर्व्हरशी जोडलेला असतो. तो बसवणाऱ्याने कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेला नसतो, आणि तो हिशेबाच्या संगणकाच्या शेजारी त्याच नेटवर्कवर असतो. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने असलेच कॅमेरे आणि डीव्हीआर लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले होते. कॅमेऱ्यांना वेगळे नेटवर्क द्यावे हा उपाय स्वस्त आहे आणि बहुतेक बऱ्या स्विचमध्ये त्याची सोय असते.

त्यानंतर माणसांचे संगणक आणि सर्व्हर मनाने वेगळे करा. माणूस दिवसभरात कुठे कुठे जाईल हे सांगता येत नाही, त्याला पूर्ण अडवायला गेलात तर भांडणे होतील. सर्व्हरचे तसे नाही. हिशेबाचा सर्व्हर परवान्याची तपासणी, ई-इनव्हॉइसचे पोर्टल, बँक, विंडोजची अद्ययावत आवृत्ती अशा बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी जातो. ती ठिकाणे लिहून काढा, तेवढी चालू ठेवा आणि बाकी सगळे अडवा. सोलरविंड्सविषयी अमेरिकी संस्थेने जे मान्य केले ते इतक्या लहान प्रमाणावर आपल्या गाळ्यातही करता येते, आणि त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागेलच असे नाही.

रिमोटसाठी मग एकच साधन निवडावे आणि ते एकाच ठरलेल्या संगणकावर चालवावे. बाहेरचा माणूस आधी त्या संगणकावर येईल, तिथून पुढे परवानगीने सर्व्हरवर जाईल. पासवर्डसोबत, मोबाइलवर येणाऱ्या कोडसारखी, ओळखीची दुसरी खूण हवीच. आपल्याकडच्या सर्रास चालीत सर्वांत घातक काय, तर कोणी समोर नसताना आत येण्याचा कायमचा पासवर्ड. सॉफ्टवेअर पुरवणारा तो एकदा लावून जातो, मग त्याच्याकडचा मुलगा नोकरी सोडतो, पासवर्ड त्याच्या डायरीत राहतो. काम असेल तेव्हा फोन करावा, आपल्या माणसाने समोर बसून स्वीकारावे, काम झाले की जोडणी तोडावी. मागाच्या कंपनीचा परदेशी इंजिनिअर असला तरी हाच नियम. मोठ्या संस्थांत याच विचाराला शून्य-विश्वासाची रचना म्हणतात. जॉन किंडरवाग यांनी २०१०मध्ये तिची मांडणी केली आणि ऑगस्ट २०२०मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने तिच्यावर सविस्तर पुस्तिका काढली. आत आहे म्हणून विश्वासू, हे गृहीतच ती रचना काढून टाकते. भिवंडीच्या गाळ्याला त्या पुस्तिकेतले सगळे लागू होणार नाही, पण जिज्ञासू वाचकांनी ती जरूर वाचावी; सरकारी पुस्तिकेच्या मानाने ती फारच स्वच्छ लिहिलेली आहे.

कायद्याची बाजूही आता मोकळी राहिलेली नाही. भारताच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. लहान-मध्यम उद्योगांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२पर्यंत मुदत दिली होती, ती केव्हाच उलटली. आपल्याकडचे पुष्कळ राउटर वीज गेली की जुनी नोंद विसरतात. भिवंडीत वीज किती वेळा जाते हे भिवंडीकरांना वेगळे सांगायला नको. म्हणजे नोंदी राउटरबाहेर, एखाद्या जुन्या संगणकावर का होईना, साठवण्याची व्यवस्था आधी करावी लागते.

या विषयावरचे मूळ वाङ्मय बहुतांश इंग्रजीत आहे, पण त्यातले पुष्कळ मोफत आणि खुले आहे. इंटरनेटचे नियम ठरवणारे दस्तऐवज कोणीही, कुठूनही वाचू शकतो. मराठीत हा विषय नव्याने उभा राहतो आहे, आणि तो गोदामाच्या, मागाच्या, पेढीच्या भाषेत उभा राहिला तर इंग्रजीत नसलेले काही त्यात येईल, असे मला वाटते. मोजक्या पगारावर चार गाळ्यांचे संगणक सांभाळणाऱ्या मुलाला कोणते प्रश्न पडतात, हे परदेशी पुस्तकांत सापडत नाही.

वाचकांनी पुढील पाने क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. ज्यांच्याकडे स्वतःचा सर्व्हर आहे त्यांनी नोंदींच्या प्रकरणापासून निघावे. ज्यांचे सगळे काम बाहेरच्या पुरवठादारावर चालते त्यांनी करारनाम्याच्या प्रकरणापासून, कारण परवानगी कोणी दिली आणि ती कधी संपते हे शेवटी कागदावर असावे लागते. बोगद्यांचे प्रकरण अवघड वाटले तर पहिल्या वाचनात खुशाल सोडावे. मात्र काहीही वाचायला घेण्याआधी आपल्या राउटरचे, सर्व्हरचे आणि डीव्हीआरचे घड्याळ पाहा. तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवत असतील तर नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येणार नाहीत. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळे जुळवायला सांगितले आहे. बहुतेक उपकरणांत त्यासाठी सेटिंगच्या पानावर एका रकान्यात पत्ता भरावा लागतो, तेवढेच.